बाय, आधी तुझं सर्व्हिस बुक उघड

या आठवड्यातलं पत्र डिचोली तालुक्यातल्या एका बायचं आहे. नाव नको छापू म्हणाली म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, मी थोडं कापून देतो.

"नमस्कार काका. मी २००९ साली एका सरकारी खात्यात एलडीसी म्हणजे कनिष्ठ कारकून म्हणून लागले, आता त्याच्या वरची यूडीसी आहे, वय ४३. घरी नवरा, एक मुलगी आठवीत, आणि माझी आई. नवऱ्याचे दोन ट्रक खाणीवर होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा एक लोनवाल्यांनी ओढून नेला, दुसरा आम्हीच विकला, तेव्हापासून घर माझ्या पगारावर चाललंय. बेसिक ४० हजारांच्या आसपास, त्यातून दर महिन्याला एनपीएसचे म्हणजे नव्या पेन्शन योजनेचे सहा हजारांवर कापले जातात. माझे बाबा जुन्या पेन्शनवाले होते, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन मिळते, अजून चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान तीच आणते. मला मात्र काय मिळणार हेच कळत नाही. ऑफिसात एक म्हणतो जुनी पेन्शन परत येणार, दुसरी म्हणते यूपीएस म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम येणार, तिसरा म्हणतो आपण रिटायर होईपर्यंत सरकारकडे पैसेच राहणार नाहीत. नवरा म्हणतो नोकरी सोड, जमलेले १८ लाख काढ, रेंट-अ-कार सुरू करूया. आईला व्हॉट्सअॅपवर मेसेज येतात की पेन्शनवाल्यांचा डीए (महागाई भत्ता) बंद होणार, ती रडते. रात्री झोप लागत नाही काका. काय करू?"

बाय, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी स्वतः अकाउंट्समध्ये ३३ वर्षं काढलीत, माझी पेन्शन जुनी, त्यामुळे मला तुझ्याएवढी काळजी नाही हे आधीच सांगतो, आणि म्हणूनच तुझ्यासारख्यांचं पत्र आलं की मला वाईट वाटतं, कारण एकाच टेबलावर बसून तेच काम करणाऱ्या दोघांमध्ये फक्त जॉइनिंगच्या तारखेमुळे एवढा फरक पडावा हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. केंद्रात ती रेघ १ जानेवारी २००४ ची, आपल्या गोव्यात ऑगस्ट २००५ ची, त्यानंतर लागलेले एनपीएसमध्ये. तू चार वर्षं उशिरा जन्मलीस एवढाच तुझा गुन्हा.

आता पहिलं म्हणजे नवऱ्याचं. त्याच्यावर रागावू नकोस, ज्याचा धंदा एका रात्रीत बंद झाला त्याला परत स्वतःच्या पायावर उभं राहावंसं वाटणारच, पण नोकरी सोडून १८ लाख हातात येतील हे त्याच्या डोक्यातून आजच काढून टाक. साठीच्या आधी एनपीएसमधून बाहेर पडलीस तर किमान ८० टक्के रकमेची अॅन्युइटी (आयुष्यभर महिन्याला ठराविक रक्कम देणारी पॉलिसी) घ्यावी लागते, म्हणजे १८ लाखांतले १४ लाख ४० हजार इन्शुरन्स कंपनीकडे जाणार आणि त्यावर तुला महिन्याला सात-एक हजार येत राहणार, हातात उरणार ३ लाख ६० हजार. त्यात एक धड गाडी येत नाही, धंदा कसला उभा राहतोय. वर राजीनामा दिला की केंद्राच्या नियमांत आधीची सर्व्हिस जप्त होते, ग्रॅच्युइटीसुद्धा हातची जाते. तुझा पगार, घरातलं मेडिकल, तुझी सर्व्हिस, सगळं त्या साडेतीन लाखांसाठी? नाही म्हणजे नाही.

"सरकारकडे पैसेच राहणार नाहीत" असं म्हणणाऱ्याचं अर्धं चुकतंय. जुनी पेन्शन दर वर्षी सरकारच्या तिजोरीतून जाते, त्या वर्षीच्या महसुलातून, तिच्यासाठी वेगळा साठवलेला पैसा नसतो. तुझं तसं नाही. तुझ्या पगारातून कापलेले आणि सरकारने घातलेले पैसे तुझ्या प्रान नंबरवर, म्हणजे एनपीएस खात्याच्या नंबरवर, तुझ्या नावाने जमा होतात, पेन्शन फंड ते गुंतवतात, एनपीएस ट्रस्ट त्यावर लक्ष ठेवतो आणि पेन्शन फंडांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पीएफआरडीएचा २०१३ चा कायदा त्याच्या मागे आहे. उद्या गोवा सरकारची कितीही ओढाताण झाली तरी ते १८ लाख तिजोरीतले नाहीतच. यातली दुसरी बाजू काही राज्यांनी अनुभवलीय. राजस्थान, छत्तीसगढ, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी २०२२-२३ च्या सुमारास जुनी पेन्शन परत आणायचं ठरवलं आणि एनपीएसमध्ये जमलेला पैसा आम्हाला परत द्या म्हणून केंद्राकडे मागितला, तेव्हा केंद्राने सांगितलं की कायद्यात तशी तरतूदच नाही. म्हणजे जी गोष्ट त्या राज्यांना अडचणीची ठरली तीच तुझ्या पैशाला कुंपण आहे.

मग धोका कुठे आहे? तो आहे महागाईचा. याचा हिशोब कुणी नीट बसून सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

समज तू ६० ला रिटायर झालीस आणि आजच्या भावाने तुझ्या खात्यात ६० लाख आहेत. (१८ लाखांवर ८ टक्के धरले तर नुसत्या तेवढ्याचेच १७ वर्षांत ६६ लाख होतात, शिवाय दर महिन्याची भर आहेच, पण तेव्हाच्या ६६ लाखांची किंमत आजच्यासारखी नसणार म्हणून मी आजच्या भावातला ढोबळ आकडा धरलाय.) ४० टक्के म्हणजे २४ लाखांची अॅन्युइटी घ्यावी लागेल, साडेसहा टक्के मिळाले तर महिन्याला १३ हजार. हातात ३६ लाख, त्यावर टॅक्स नाही. आता हे ३६ लाख तू खरंच जपून ठेवलेस, त्यातले ३० लाख पोस्टाच्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी घातलेस तर तीन महिन्यांना ६१,५०० येतात म्हणजे महिन्याला साडेवीस हजार, उरलेले ६ लाख पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये ७.४ ने घातले तर ३,७००. सगळे मिळून ३७ हजारांच्या आसपास. ऐकायला वाईट नाही ना? मीही पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

पण जुन्या पेन्शनमध्ये असतीस तर काय झालं असतं बघ. ४० हजार बेसिकवर दर वर्षी ३ टक्के इन्क्रिमेंट धर, पे कमिशन सोडून दे, रिटायर होताना बेसिक ६६ हजार होतं, अर्धं ३३ हजार, त्यावर जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के डीए धरला तर ५२ हजार. आणि ते ५२ हजार वाढत जातात, वर्षातून दोनदा डीए, पे कमिशन आलं की परत वाढ, ८० वर्षांची झालीस की २० टक्के जादा, ८५ ला ३० टक्के. तुझे ३७ हजार मात्र तिथेच उभे. ६० ला ३७ हजारांत चालेल, ७५ ला त्याच ३७ हजारांत औषधं आणि गॅस भागवायचा म्हटलं तर तुझ्या आईला विचार नारळ आणि तांदूळ पंधरा वर्षांत कुठून कुठे गेले.

आणि याहून मोठी गोष्ट अशी की ते ३६ लाख राहतच नाहीत. मी पाहिलंय. रिटायर झालेल्या माणसाच्या हातात एवढी रक्कम आली की घरावर स्लॅब पडतो, मुलीचं लग्न होतं, मुलाला गाडी घेऊन दिली जाते, कुणीतरी नातेवाईक उसने मागतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही, दोन वर्षांत उरतात १३ हजार महिन्याचे. जुन्या पेन्शनचं मोठेपण आकड्यात कमी आणि यात जास्त होतं की ती कुणाला एकरकमी उचलून देता येत नव्हती. तुझ्या आईची माटोळी आजही त्याच्यामुळे बांधली जाते. म्हणून आत्ताच, १७ वर्षं आधी, नवऱ्याला शेजारी बसवून ठरव की त्या रकमेतला मोठा भाग व्याजासाठी ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे जमव, एनपीएसमधून २५ टक्के काढता येतात म्हणून तिकडे बघू नकोस, ते २५ टक्केसुद्धा फक्त तुझ्या स्वतःच्या हप्त्यांचे असतात आणि ठराविक कारणांसाठीच मिळतात.

यूपीएसचं विचारलंस. ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून आली. २५ वर्षं सर्व्हिस असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के, वर महागाईची वाढ, १० वर्षं झाली असतील तर किमान १० हजार, आणि गेल्यावर जोडीदाराला त्याच्या ६० टक्के. चांगली वाटते, आणि महागाईचं जे दुखणं मी वर सांगितलं त्यावर तिच्यात औषध आहे. पण त्याच्या बदल्यात तुझं जमलेलं खातं त्या पेन्शनमागे लागतं, त्यातून ६० टक्क्यांपर्यंत उचललेस तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. राज्यांना ती आपोआप लागू होत नाही, प्रत्येक राज्याने स्वतःची ऑर्डर काढावी लागते. तुझी ३४ वर्षं सर्व्हिस होणार, त्यामुळे तुझ्यासारखीला ती फायद्याची पडू शकते, म्हणून तुमच्या युनियनच्या मीटिंगला जा, सह्या कर, पर्वरीला सचिवालयावर मोर्चा गेला तर त्यात चाल. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले आणि नंतर तिथल्या सरकारला काहीतरी द्यावंच लागलं. १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाने नकारा केसमध्ये सांगून ठेवलंय की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर मिळणारी बक्षिसी नव्हे, केलेल्या कामाचा हक्क आहे. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती देसाई गुजरातचे, आणि तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आपल्या भाषेतले. मागायला लाजू नकोस. फक्त ऑर्डर हातात येईपर्यंत तिच्या भरवशावर एकही खर्च ठरवू नकोस, एवढंच.

आता ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवलं तिकडे येतो. तू पत्रात साठीनंतरचंच विचारलंस. पण घर तुझ्या एकटीच्या पगारावर आहे ना बाय, मग साठीच्या आधी तुला काही झालं तर काय, हे कुठे विचारलंस?

मी नोकरीत असताना दुसऱ्या एका खात्यातला ड्रायव्हर अचानक गेला, चाळिशीतला. त्याची बायको आमच्याकडे आली होती, चतुर्थीच्या आधीचे दिवस, बाहेर धो धो पाऊस, आणि तिच्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. बाकावर बसून तिने गाठ सोडली तर आत रेशनकार्ड, मुलांचे दाखले, आणि एनपीएसचं पाकीट, न उघडलेलं. त्यात प्रान कार्ड तसंच चिकटवलेलं, पिनच्या सीलबंद चिठ्ठ्या तशाच. नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव, लग्नाआधी भरलेलं, आणि ते वडील त्याच्या आधी दोन वर्षं वारलेले. स्टेटमेंट काढलं तर मधले पाच महिने पगारातून कापलेत पण खात्यात जमाच नाहीत. त्या बाईला सगळं मिळायला किती खेपा माराव्या लागल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय, दर वेळी ती पहिल्या कदंबा बसने यायची आणि दुपारी साहेब जेवायला गेले की बाकावर बसून राहायची. त्यात तिची काही चूक नव्हती.

म्हणून या आठवड्यात एक दिवस रजा टाक आणि तुझ्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला जाऊन तुझ्या नोकरीची सगळी नोंद असलेलं सर्व्हिस बुक बघायला माग. लग्नानंतर नॉमिनेशन नवं भरलंयस का ते बघ, नसेल तर त्याच दिवशी भर, एनपीएसचं वेगळं, ग्रॅच्युइटीचं वेगळं, आणि पोचपावती घे. मग सगळ्यात महत्त्वाचं. केंद्राच्या २०२१ च्या एनपीएस नियमांत कर्मचारी एक फॉर्म भरून देतो, की मी नोकरीत असताना मेलो तर माझ्या घरच्यांना, किंवा कायमचा अपंग होऊन नोकरी सुटली तर मला, जुन्या नियमाने पेन्शन हवी की एनपीएसमधले पैसे हवेत. जुन्या नियमाने घरच्यांची फॅमिली पेन्शन म्हणजे पहिली दहा वर्षं शेवटच्या बेसिकच्या ५० टक्के, नंतर ३० टक्के, आणि त्यावर डीए. तुझे स्वतःचे जमलेले पैसे घरच्यांना मिळतात, सरकारचा वाटा सरकारकडे परत जातो. फॉर्म दिलाच नसेल तर सर्व्हिसची १५ वर्षं होईपर्यंत जुने नियम धरतात आणि १५ च्या पुढे एनपीएस. तू १५ वर्षं ओलांडलीस. ज्या घरात एकच पगार आणि मुलगी आठवीत, तिथे हा कागद इन्शुरन्सच्या पॉलिसीपेक्षा मोठा आहे. म्हणून तुझ्या खात्याला लेखी विचार की या बाबतीत मला कोणती ऑर्डर लागू आहे, माझा ऑप्शन काय नोंदवलाय, आणि तो आता देता किंवा बदलता येतो का. तोंडी उत्तरावर उठून येऊ नकोस, अर्जावर इनवर्ड नंबर घे.

त्यानंतर एनपीएसचं स्टेटमेंट पहिल्या महिन्यापासूनचं काढ आणि सॅलरी स्लिपा शेजारी ठेवून एकेक महिना पेन्सिलने टिक करत जा. कंटाळवाणं काम आहे, मुलीला घे सोबत, आठवीतली पोर टक्केवारी शिकतेय, तिला आकडे वाचायला लाव. पहिली दोन-तीन वर्षं जास्त लक्ष देऊन बघ, तेव्हा प्रान नंबर येईपर्यंत बऱ्याच जणांचे हप्ते लटकलेले असायचे. सरकारचा वाटा किती टक्क्यांनी येतोय तेही बघ, केंद्राने एप्रिल २०१९ पासून आपला वाटा १० वरून १४ टक्के केला, तुझ्या खात्यात कधीपासून किती येतोय ते स्टेटमेंटमध्ये दिसेलच. एक हप्ता जरी गायब असेल तर डीडीओला, म्हणजे पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी दे, कारण २०१० चे दोन हजार २०४३ पर्यंत दोन हजार राहत नाहीत.

आईला माझा नमस्कार सांग आणि सांग की डीए बंद होणार हा मेसेज अर्धवट आहे. ज्या नियमावरून तो फिरतोय तो सरकारी नोकरीतून सार्वजनिक कंपन्यांत सामावून घेतलेल्या आणि पुढे गैरवर्तनासाठी काढून टाकलेल्यांपुरता होता, तिच्यासारख्या फॅमिली पेन्शनवालीचा डीए त्याने जात नाही. हो, पेन्शनवाल्यांना अजिबात हात लागत नाही असंही मी म्हणणार नाही. कोविडच्या काळात जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत केंद्राने डीएचे तीन हप्ते गोठवले होते, ती थकबाकी आजतागायत आली नाही, मलाही तेव्हा लागलं होतं. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत जुन्या पेन्शनच्या खर्चाचा उल्लेख आलाय म्हणून पेन्शनवाले अस्वस्थ आहेत, तेही खरं आहे, न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या आयोगाला अहवालासाठी १८ महिने दिलेत, तोवर अफवा येतच राहणार. आईला एवढंच बघायला सांग की नोव्हेंबरात हयातीचा दाखला वेळेवर जातोय, आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, तू घरीच करून दे. आणि पेन्शन ऑफिसातून बोलतोय म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा.

राहिला नवरा. त्याचं वय तू लिहिलं नाहीस पण चाळिशी ओलांडली असेल तर अटल पेन्शनमध्ये त्याला जाता येणार नाही, ती ४० पर्यंतच. त्याच्या नावाने पोस्टात पीपीएफ उघड, वर्षाला ५०० पासून चालतं, १५ वर्षांनी सुटतं, म्हणजे तुझ्या रिटायरमेंटच्या जरा आधी. गाडीचा धंदा करायचाच असेल तर आधी वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवून बघू दे, सीझन आणि ऑफ-सीझन दोन्ही, मे महिन्यातली कमाई आणि जुलैतली कमाई वहीत लिहायला सांग. ती वही घेऊन मग लोनचं बोलू, तुझ्या पेन्शनला हात न लावता.

सर्व्हिस बुकात काय निघालं ते मला लिही. आणि २००९ ते २०१२ चे जे महिने स्टेटमेंटमध्ये सापडणार नाहीत त्यांची यादी पाठव, डीडीओला द्यायचा अर्ज मी लिहून देतो.